दरडीनंतरची दुरुस्ती : गावाने अंदाजपत्रकात नेमकं काय मागावं?

घाटपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची वाडी महाड-पोलादपूर पट्ट्यात, डोंगराच्या अगदी कुशीत. वाडीला यायला रस्ता एकच. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आमच्याकडे मोजायला यंत्र नव्हतं, पण पाऊस त्याच ढगांचा. त्या दिवशी तळियेत ऐंशीहून जास्त माणसं दरडीखाली गेली. आमच्या वाडीत जीवितहानी झाली नाही, हे नशीब. रस्ता मात्र गेला. एका वळणावर वरून दरड आली, पुढच्या वळणावर दरीकडचा अर्धा रस्ता खचला आणि पऱ्यावरची, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यावरची मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) पाइपासकट वाहून गेली. साईडपट्टीतून येणारी नळपाणी योजनेची लाइनही त्याच्याबरोबर तुटली.

नंतर दुरुस्ती झाली. दरड उचलली, खचलेल्या जागी दरीकडून दगडी संरक्षक भिंत बांधली, मोरी पुन्हा टाकली, वर डांबर. दोन पावसाळ्यांत भिंतीला पोट आलं. आता ती मधोमध फुटली आहे, आणि तिच्या मागचा भराव खाली पऱ्यात गेला आहे. मोरी दर जुलैत तुंबते आणि पाणी रस्त्यावरून वाहतं.

आता नवं अंदाजपत्रक होतंय. शाखा अभियंता तरुण आहेत, ऐकून घेतात. ते म्हणाले, "ग्रामसभेने काही सुचवायचं असेल तर लेखी द्या, मी जागेवर बघून अंदाजपत्रकात धरायचा प्रयत्न करतो." अशी संधी परत येईल असं नाही. लोकांची मागणी सरळ आहे : भिंत उंच आणि जाड करा. मला ते पुरेसं वाटत नाही, पण का ते मांडता येत नाही. इथे बांधकाम, भूशास्त्र, पाणीपुरवठा यांतले जाणकार आहेत. नेमकं काय मागायचं ते सांगा.

---

मोजपट्टी

रस्त्याच्या कामांवर उभं आयुष्य घालवलेला माणूस म्हणून लिहितो.

भिंत जाड करा ही मागणी लिहू नका. आधी फुटलेल्या भिंतीकडे नीट बघा, ती का फुटली ते तिथेच दिसतं. तीन गोष्टी सांगा. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवली होती का? ठेवली असतील तर भर पावसात त्यातून पाणी येत होतं का? आणि भिंतीच्या पाठीमागे काय भरलं होतं, दगडगोटे की माती?

विचारतो कारण भिंती बहुतेक वेळा मातीच्या रेट्याने पडत नाहीत, पाण्याच्या रेट्याने पडतात. साधा हिशोब आहे. ५ मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबलं, तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेबारा टनांच्या आसपास जातो. मातीचा रेटा वेगळा. उंची दुप्पट केली की हा रेटा चौपट होतो. म्हणजे पाण्याला वाट न देता भिंत नुसती उंच केलीत, तर पुढच्या वेळी पडताना ती जास्त मोठी पडेल.

---

घाटपायथा

मोजपट्टी काका, भोकं होती. पाइपाचे तुकडे तीन रांगांत बसवलेले दिसायचे. पण पाणी त्यातून कधी आलेलं मी पाहिलं नाही, अगदी धो धो पावसातसुद्धा. पाणी यायचं ते भिंतीच्या बुडातून, जमिनीलगत, गढूळ. आणि आत भरलं होतं ते वरच्या वळणावरून काढलेलंच दरडीचं मटेरियल, लाल चिकट माती आणि मधे मधे दगड. डंपर तिथेच रिकामे करायचे.

---

मोजपट्टी

मग निदान झालं. भर पावसात भोकं कोरडी आणि बुडातून गढूळ पाणी, याचा अर्थ भोकं आतून चिखलाने बंद झाली होती, पाणी मागे साठत होतं आणि पायाखालची माती धुवत बाहेर पडत होतं. भिंतीला पोट येणं ही त्याची पुढची पायरी.

आता लिहून घ्या. भिंतीच्या पाठीला तळापासून वरपर्यंत निदान दीड-दोन फूट जाडीचा दगडगोट्यांचा थर हवा, मोठे दगड भिंतीकडे आणि बारीक खडी मातीकडे. मधे जिओटेक्स्टाइल कापड मिळालं तर उत्तम, त्यातून पाणी जातं आणि माती अडते. भोकांना बाहेरच्या बाजूला उतार हवा, सगळ्यात खालची रांग जमिनीच्या जरा वर हवी. दरडीची चिकणमाती भरावाला अजिबात चालणार नाही हे स्पष्ट लिहा. भराव एकदम ओतायचा नाही, पातळ थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा. आणि पाया कातळावर टेकलेला हवा. दरीकडे कातळ खोल असेल तर भिंतीची जागाच बदलावी लागते, किंवा रस्ता डोंगराच्या बाजूला थोडा सरकवावा लागतो.

जाळीची भिंत, म्हणजे गॅबियन, याचाही विचार करा. तारेच्या पेट्यांत दगड भरलेले असतात, पाणी आरपार जातं, जमीन थोडी बसली तर ती वाकते पण एकदम फुटत नाही. मात्र पेटीतले दगड हाताने रचलेले हवेत. वरून फावड्याने ओतलेली पेटी वर्षभरात पोकळ होऊन चेपते. हे काम चालू असताना कुणीतरी समोर उभं राहून बघितलं पाहिजे, नंतर ते कळत नाही.

---

जांभा

मोजपट्टींनी भिंतीचं सांगितलं, मी डोंगराचं सांगते. माझा अभ्यास भूशास्त्राचा, सह्याद्रीच्या उतारांवर काम केलं आहे.

आपला डोंगर थरांचा आहे. खाली बेसाल्टचा काळा कातळ, त्यावर झिजून मऊ झालेला मुरूम, वर माती. बऱ्याच ठिकाणी माथ्यावर जांभा आणि त्याखाली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती. पाणी वरच्या थरांतून झिरपत खाली येतं आणि कातळावर किंवा त्या चिकणमातीवर आल्यावर अडतं. तिथे वरचा थर सुटतो. त्यामुळे दरड येते ते ठिकाण रस्त्यावर दिसत असलं तरी तिचं मूळ पन्नास-शंभर मीटर वर असू शकतं.

म्हणून माझी विनंती अशी की अभियंत्यांना रस्त्यावर उभं करून परत पाठवू नका. त्यांना वर घेऊन जा. गुराखी, मोळीला जाणाऱ्या बायका, शिकारीची जुनी वाट माहीत असलेले म्हातारे, यांना बरोबर घ्या. वर बघायचं ते हे : जमिनीला कमानीसारखी भेग गेली आहे का? झाडं एका दिशेला कलली आहेत का? पूर्वी नव्हता असा झरा फुटला आहे का? असलेला झरा अचानक आटला किंवा गढूळ झाला आहे का? एखादी सपाट जागा, जुनं भातखाचर किंवा खोदलेले चर, जिथे पाणी साठून आत मुरतं? भेग असेल तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधलं अंतर टेपने मोजा, तारखेसह वहीत लिहा. अंतर वाढत असेल तर खाली कितीही मजबूत भिंत बांधली तरी उपयोग नाही, आणि त्या उताराखाली घरं असतील तर पावसाळ्यात ती रिकामी करायचा विचार आधी करावा लागेल.

वर भेग सापडली तर ती चिकणमातीने घट्ट बुजवा आणि पावसाळ्यात ताडपत्री घाला, हे गाव स्वतः करू शकतं. त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूच्या पऱ्यात नेणारं गटार हवं. पण ते पक्कंच हवं, दगडी किंवा काँक्रीटचं. कच्चा चर खणून सोडला तर पाणी त्यातूनच डोंगरात मुरतं, आणि आपणच दरडीला पाणी पाजतो. असे चर खणलेले मी बघितलेत, हेतू चांगला असतो आणि परिणाम उलटा होतो.

---

कोयरी

जांभाताई, झाडं लावली तर? आमच्याकडे शाळेने आणि बचतगटांनी दरडीच्या जागी रोपं लावायचं ठरवलंय.

---

जांभा

कोयरी, लावा, पण काय कुठे ते बघून. मीटर-दीड मीटर जाडीची माती घसरते तिथे मुळं नक्की उपयोगी पडतात. वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, झुपक्यांच्या आडव्या रांगा केल्या की माती अडते, आणि गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. बांबू उताराच्या पायथ्याशी चांगला. उभ्या कापलेल्या कडेच्या अगदी टोकावर मात्र उंच झाडं नकोत. वाऱ्याने ती हलतात, मुळाशी माती सैल होते आणि झाडासकट कडा खाली येतो. आणि घसरण दहा मीटर खोल असेल तर तिथे झाडांवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे पाणी काढणं हाच इलाज.

---

पांढरीपट्टी

माफ करा, पण हे सगळं वाचताना मला काळजी वाटते. मी एसटीत चालक होतो, हे घाट मी रात्री-अपरात्री चालवलेत. रस्ता बंद असतो तेव्हा गावाला मुळांचं आणि कापडाचं काही सुचत नाही. बाळंतीण डोलीतून न्यावी लागते, डायलिसिसच्या पेशंटचा दिवस चुकतो, गॅस येत नाही. रस्ता आधी चालू झाला पाहिजे. भूशास्त्रवाले येऊन अहवाल देईपर्यंत थांबा असं सांगणं म्हणजे वाडीला बेटावर ठेवणं.

---

मोजपट्टी

पांढरीपट्टी, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच दुरुस्तीचे दोन टप्पे वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला टप्पा म्हणजे एक लेन चालू करणं. तो दिवसांत व्हायला हवा. दुसरा कायमचा, त्याला एक उन्हाळा द्यावा लागतो. आपल्याकडे घोळ होतो तो असा की पहिल्या टप्प्याचं काम झालं की तेच कायमचं समजलं जातं.

पहिल्या टप्प्यातही एक जपायचं. दरडीचा ढीग रस्त्यावर असतो तेव्हा जेसीबीवाला साहजिकच खालून उकरायला लागतो. पण तो ढीगच वरच्या सैल मातीला टेकू देत असतो. पायथा उकरला की वरचं खाली येतं, आणि मशीनवरचा माणूस त्यात सापडतो. म्हणून आधी वर लोंबणारे दगड मोकळे करायचे, मग ढीग वरून खाली उतरवत न्यायचा, एका वेळी थोडा, एक लेन होईल इतकाच. शिट्टी घेऊन एक माणूस सतत वर बघत उभा हवा, त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. पाऊस जोरात असताना आणि अंधारात मशीन चालवायचं नाही. गावकरी उत्साहाने मशीनभोवती गोळा होतात, त्यांना लांब ठेवा.

पूल गेला असेल तर बेली पूल असतो, लोखंडी सुट्या भागांचा. २०२४ मध्ये वायनाडला चूरलमला इथे लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने १९० फुटांचा असा पूल दरडीनंतर तिसऱ्या दिवशी उभा केला होता. कायमचं कामही मनावर घेतलं तर किती वेगाने होतं, हे महाडकरांनी पाहिलेलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानी पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत झाला आणि पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. तेव्हा वेळ नाही हे कारण पटत नाही.

---

पांढरीपट्टी

सावित्रीचं नाव काढलंत आणि अंगावर काटा आला. त्या दोन गाड्यांचं दुःख आम्हा चालक-वाहकांना घरच्यासारखं आहे. दोन टप्पे वेगळे लिहावेत हे पटलं. एक लेन चालू असताना दोन्ही टोकांना माणूस, रात्री रिफ्लेक्टर आणि दरीकडे मातीचा का होईना कठडा, एवढं त्यात घाला. धुक्यात रस्त्याची कड कुठे संपते ते दिसत नाही.

---

वहाळकाठ

मी चिपळूणचा. मोरीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते धागाकर्त्याच्या रस्त्याचं खरं दुखणं भिंतीपेक्षा मोरीत आहे.

घाटपायथा, पऱ्याला वरून किती डोंगराचं पाणी येतं? नकाशावर मोजा, मोबाईलवरही मोजता येतं. समजा १० हेक्टर. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत, तीस टक्के पाणी मुरलं असं धरूनही सेकंदाला जवळपास २ घनमीटर पाणी मोरीच्या तोंडाशी येतं. ६०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावलं, तरी ०.७ घनमीटरच जातं. उरलेलं पाणी रस्त्यावर चढतं, पलीकडे दरीत उडी घेतं आणि तुमची भिंत जिथे आहे तिथेच खणतं. हेच १२०० मिलिमीटरच्या पाइपाने २.८ घनमीटर जातं. व्यास दुप्पट, पाणी चौपट. हे सगळं पाइप मोकळा आहे असं धरून. प्रत्यक्षात पहिल्या पुरात ओंडका आणि दोन धोंडे तोंडाशी बसले की संपलं.

म्हणून डोंगराळ पऱ्यावर पाइप मागूच नका. स्लॅबची किंवा बॉक्स मोरी मागा, माणूस आत वाकून जाऊन गाळ काढू शकेल एवढी. वरच्या अंगाला, थोडं मागे, धोंडे-ओंडके अडवायला रुळांची किंवा दगडी बांधाची अडवण. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मोरीची खालची बाजू. पाणी पाइपातून सुटून उंचावरून खाली पडतं, खड्डा करतं, खड्डा मागे सरकत सरकत रस्त्याच्या पोटात येतो. तिथे दगडी फरसबंदी आणि पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारी काँक्रीटची घसरण हवी, थेट कातळापर्यंत. पायरीवर पाण्याचा जोर मोडतो.

दुसरं, दरडीचा मलबा. तो दरीत लोटू नका, मग ते काम कितीही स्वस्तात पडो. खालच्या उतारावर नवं वजन चढतं आणि पुढच्या पावसात तो नदीत येतो. २०२१ च्या पुरात आम्ही घराच्या माळ्यावर बसून रात्र काढली. वाशिष्ठी गाळाने भरली म्हणून गाळ काढा या मागणीसाठी आमच्या लोकांनी साखळी उपोषण केलं. डोंगरावरच्या प्रत्येक डंपरचा शेवट कुठल्या तरी नदीत होतो. तुमचा मलबा म्हणजे खालच्या गावाचा पूर, हे मनापासून सांगतो.

---

घाटपायथा

वहाळकाठ, हे वाचून मी लगेच जाऊन बघून आलो. फुटलेली भिंत मोरीच्या तोंडापासून खाली दहा-बारा पावलांवर आहे. मोरीच्या खाली कमरेएवढा खड्डा झालाय, आणि त्याची एक बाजू सरळ भिंतीच्या पायाकडे गेली आहे. पाइप दोन फुटी आहे, म्हणजे तुमचा ६००. इतकी वर्षं भिंत वेगळी आणि मोरी वेगळी असंच आम्ही समजत होतो.

---

मोजपट्टी

दोन्हीचा एकच प्रश्न आहे तर. भिंतीच्या आधी मोरी, मोरीच्या आधी वरचं पाणी. अंदाजपत्रकात क्रम असाच लागला पाहिजे. पैसे कमी पडले तर शेवटचं काम राहतं, आणि आपल्याकडे गटार नेहमी शेवटी असतं.

---

रूळवाट

याच मुद्द्यावर कोकण रेल्वेचं उदाहरण द्यावंसं वाटतं. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडी-आंबवली भागात, दोन्ही वेळा रुळांवर आलेल्या दगडांनी गाड्या घसरल्या, माणसं गेली. त्यानंतर तिथे कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, गटारं केली, आणि पावसाळ्यात गस्त लावली. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, जोराच्या पावसात गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची सूचना असते. एवढं करूनही जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी माती आलीच आणि गाड्या अडकल्या. पण गाडी त्यावर चढली नाही. काम आणि पहारा, दोन्ही लागतं. रस्त्यांच्या बाबतीत आपण काम करतो, मग पहारा कोणीच करत नाही. पूर्वी मैलकुली असायचे, त्यांना आपल्या हद्दीतली प्रत्येक मोरी पाठ असायची. आगोटीच्या आधी ते गटारं उकरून ठेवायचे.

---

सुरंगी

मी आरोग्य खात्यात काम केलं आहे, रस्त्याचं मला कळत नाही. पाण्याबद्दल सांगते.

धागाकर्त्यांनी लिहिलं की नळाची लाइन साईडपट्टीतून येते. ती परत तिथेच टाकू नका. रस्ता जातो तेव्हा पाणीही जातं, आणि लाइन गळत असेल तर ते पाणी वर्षभर भरावात मुरतं. भिंतीमागे पाणी साठायला तेवढंही पुरतं. लाइन डोंगराकडच्या बाजूने, गटाराच्या पलीकडे घ्या, पऱ्यावरून नेताना लोखंडी पाइपात आणि खांबांवर घ्या, आणि दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह ठेवा. तुटली तर तेवढाच तुकडा बंद करता येईल, सगळी टाकी रिकामी होणार नाही.

दुरुस्तीनंतर पहिलं पाणी घरात घेऊ नये. टाकी धुवा, लाइनचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्या, गढूळ पाणी आधी तुरटीने निवळा आणि मगच टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर घाला. गढूळ पाण्यात टीसीएल टाकलं तर ते मातीवरच खर्च होतं, जंतू तसेच राहतात. मग शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे छोट्या नळीतली क्लोरीनची चाचणी करा, टाकीजवळच्या नळावर नको. नळी पिवळी झाली तर क्लोरीन पोचलं. २०२१ नंतर आमच्या भागात टँकरपेक्षा या छोट्या नळीने जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

विहिरींत पुराचं पाणी शिरलं असेल तर उपसा करून टीसीएल घाला आणि निदान एक दिवस पाणी काढू नका.

---

रोहित्र

विजेचं थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यावर आलं तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. खांब काडीसारखे मोडले. लोक वायरमनवर चिडतात की माझ्या घराला लाइट का नाही. क्रम असा असतो की आधी उपकेंद्र, मग उच्चदाब वाहिनी, मग रोहित्र, आणि सगळ्यात शेवटी घरापर्यंतची लाइन. मधला एक टप्पा राहिला तरी पुढचं सगळं अंधारात. गावाने सांगायचं तर एवढं सांगा की पाणी योजनेचा पंप आणि दवाखाना ज्या रोहित्रावर आहेत ते आधी घ्या. आणि दरडीच्या उतारावर पडलेला खांब परत त्याच खड्ड्यात उभा करू देऊ नका, वाट थोडी लांबली तरी चालेल.

पडलेल्या तारेला हात लावू नका, लाइट गेलेली असली तरी. कोणाच्या तरी घरातल्या जनरेटरमधून ती उलटी जिवंत होते. यात आमचे लोक गेलेले आहेत.

---

नोंदवही

मी पंचायत समितीच्या कामकाजाशी जवळून संबंधित आहे. तांत्रिक सगळं आलं, आता कागद.

पहिलं म्हणजे रस्ता कोणाचा ते पक्कं करा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. मोरीच्या वरचा डोंगर वन खात्याचा असेल तर वरच्या गटाराला त्यांची परवानगी लागेल, आणि काम अडतं ते नेमकं इथे. आजच पत्र द्या, अंदाजपत्रक मंजूर व्हायची वाट बघू नका.

दुसरं, निधी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, ज्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो, आतापर्यंत तातडीची दुरुस्तीच होत आली. वाहतूक चालू करणं, पाणी सुरू करणं, एवढंच त्यात बसायचं. म्हणून तुम्हाला 'होतं तसं' मिळतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी यात पुनर्बांधणीचा ३० टक्के वेगळा कप्पा केला, आणि धोका कमी करण्यासाठी २० टक्के वेगळा निधी ठेवला. त्यामुळे ठरावात शब्द नीट वापरा. 'रस्ता दुरुस्ती' एवढंच लिहिलंत तर ते तातडीच्या खात्यात जातं. 'उताराचं पाणी बाहेर काढणं आणि मोरीची क्षमता वाढवणं' हे वेगळं काम म्हणून लिहा, दरडप्रवण भागासाठीच्या निधीत मागता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या दरडप्रवणतेच्या नकाशात तुमचा उतार कुठल्या रंगात येतो ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षातून लेखी घ्या आणि जोडा.

तिसरं, पुरावा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा ठेवा, म्हणजे माप कळतं. त्याच जागेवरून पावसात, पावसानंतर आणि काम चालू असताना फोटो घ्या. पाया खणला की भरण्याआधी फोटो हवाच, कारण तो नंतर कोणालाच दिसत नाही. दोषदायित्व कालावधी किती आहे ते कार्यारंभ आदेशात असतं. भिंत त्या मुदतीत फुटली असेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. जुन्या भिंतीची मुदत संपली का ते बघितलंत? माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, भिंतीमागे दगडगोट्यांचा थर मोजलेला दाखवलाय का ते त्यात कळेल.

---

घाटपायथा

नोंदवही साहेब, अर्ज आजच लिहितो. मुदतीचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

कोयरी

एक शंका. हे सगळं करण्यापेक्षा वाडीच दुसरीकडे हलवावी असं काही जण म्हणतात. माळीणसारखं.

---

जांभा

कोयरी, कधी कधी तोच एक मार्ग उरतो. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसं गेली, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी गाडली गेली. २००५ मध्ये महाड तालुक्यातच दासगाव, जुई इथे हेच झालं. वरची भेग वाढत असेल तर हलणं टाळू नका. पण हललं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. नवं माळीण आमडे इथे वसवलं, आणि २०१७ च्या पहिल्याच जोराच्या पावसात तिथले नवे रस्ते आणि गटारं खचली, भरावाची जमीन बसली. उतार कापून केलेल्या सपाटीवर पाण्याची सोय आधी लागते, घरं नंतर. जागा बदलली तरी या धाग्यात लिहिलेलं सगळं तिथेही करावंच लागेल.

---

घाटपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रामसभा झाली.

आम्ही शाखा अभियंत्यांना वर घेऊन गेलो होतो. कमानीसारखी मोठी भेग सापडली नाही, पण मोरीच्या बरोबर वर एक जुनं, पडीक भातखाचर आहे. त्याचा बांध फुटलाय आणि त्यात पाणी साचून आत मुरतं. वाडीतल्या आजीने दाखवलं, आम्हा पोरांना ते माहीतही नव्हतं. खाचराचा मालक मुंबईला असतो. फोनवर लगेच हो म्हणाला, पाणी बाजूच्या पऱ्यात काढायला त्याची हरकत नाही. ते काम वाडी श्रमदानाने करणार, दगडी अस्तरासह.

ठरावात क्रम मोजपट्टी काकांनी सांगितला तोच ठेवला : वरचं पक्कं गटार, मग बॉक्स मोरी आणि खालच्या पायऱ्या, मग भिंत. लाइन डोंगराकडून. एक लेन चालू ठेवण्याचा वेगळा परिच्छेद पांढरीपट्टींच्या सूचनेप्रमाणे. वाळा बचतगट लावणार. मोरीचा गाळ दरवर्षी मेअखेर काढायची जबाबदारी दोन आळ्यांनी वाटून घेतली आहे.

मलबा टाकायला जागा मात्र मिळालेली नाही. गायरानाचा एक सपाट तुकडा आहे, पण त्याच्या कडेने छोटा वहाळ जातो.

---

वहाळकाठ

वहाळापासून लांबचं टोक घ्या, पात्राच्या कडेला आधी दगडांचा आडवा बांध घाला, मग आतून थर देत भरा. उंच ढीग नको, पसरून टाका आणि वरून गवताचं बी. चांगले दगड आधीच वेगळे काढा, गॅबियनला तेच लागतील. एवढ्यावर भागत नसेल तर गायरानाचा नकाशा आणि वहाळाची रुंदी इथे टाका, रविवारी मी महाडला येतोय, येऊन बघतो.

---

मोजपट्टी

वहाळकाठ, मीही येतो. पाया खणल्यावर कातळ लागला की नाही ते डोळ्यांनी बघायचंय. घाटपायथा, खणण्याच्या आदल्या दिवशी इथे लिहा.